मोडलेली खिट्टी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मला माझ्याच घरात फसवले गेले आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर कडू लागला तर तुम्ही मला खडूस म्हणणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली झाला. ओळीने बसलेल्या बायका हातात बारीक चिमटे घेऊन आम्हाला घडवत. एकीने माझ्या पोटात रबरी पट्टा चढवला, दुसरीने डोकी बसवली. होय, मला दोन डोकी आहेत. एक पुसते, दुसरे लिहिते. लाल बटण दाबले की जुना आवाज आधी पुसला जातो आणि त्या जागी नवा बसतो. एवढी ताकद दिली तर लगामही हवा, म्हणून माझ्या आत एक बारीक पट्टी ठेवलेली आहे. कॅसेट आत आली की ही पट्टी तिच्या कडेचा कोपरा चाचपते. तिथे प्लास्टिकची इवलीशी खिट्टी लागली तर लाल बटण दबते. खिट्टी मोडून जागा पोकळ झाली असेल तर बटण दगडासारखे घट्ट. पोकळ जागेचा अर्थ एकच, हे पुसू नका. मला वाचता येत नाही, पण एवढी एक सूचना मला कळते आणि मी ती जिवापाड पाळत आलो.

मला घरी आणले आजोबांनी. ते चष्म्याच्या कारखान्यात भिंगे घासत. दिवसभर हात पाण्यात आणि काचेच्या चुऱ्यात. संध्याकाळी मात्र अंघोळ करून सभागृहात उभे राहत आणि देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. काय तो गळा! बोलता बोलता गाणे सुरू होई, गाता गाता पुन्हा बोलणे. कुणी डुलकी घेताना दिसले तर म्हणत, "मागच्या बाकावर साक्षात देव झोपलेत. त्यांना उठवू नका, फक्त घोरू नका म्हणावं." सभागृह हसे आणि त्या हसण्यातूनच ते हळूच सूर उचलत.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट अनोळखी पाहुण्याची. देव धुळीने माखून एका घरासमोर येतो, आणि घरातली माणसे ओळख न विचारता त्याला पाणी देतात. ही गोष्ट त्यांनी एकदा घरी बसून माझ्यासमोर म्हटली. ती झाली कॅसेटची पहिली बाजू.

दुसऱ्या बाजूवर गोष्ट नाही. दुसऱ्या बाजूवर त्यांची नात आहे. नुकती बोलायला लागलेली, ऐकेल ते तसेच्या तसे म्हणणारी, म्हणून मुलगी असूनही आजोबा तिला राघू म्हणत. तिला मांडीवर घेऊन त्यांनी मला चालू केले होते. सुरुवातीला नुसती खुडबुड, चमचा पडल्याचा आवाज, आजोबांचे खोकणे. मग ते विचारतात, "तू कोण?" आणि बोबडे उत्तर येते, "लाघू." मग दार वाजले की काय म्हणायचे, याचा धडा. या, बसा, पाणी घ्या. ती 'पानी द्या' म्हणते, आजोबा हसतात, पुन्हा सांगतात. मध्येच गाऊन सांगतात, मग तीही गाते. संपूर्ण बाजूभर एवढेच.

राघूचा मामा पंखे दुरुस्त करतो. त्याने ती कॅसेट हातात घेतली आणि स्क्रू पिळायच्या हत्याराच्या टोकाने दोन्ही खिट्ट्या मोडल्या.

"झालं. आता कुणाच्या बापाची हिंमत नाही यावर दुसरं काही भरायची."

"अरे गाढवा, कुणाचा बाप म्हणजे इथे मीच आहे," आजोबा म्हणाले, आणि राघूची आई हसून हसून भिंतीला टेकली.

आजोबा वारल्यावर ते या घरात त्या कॅसेटपुरतेच उरले. राघूची आई इस्पितळाच्या धुलाईखोलीत चादरींना इस्त्री करते. वाफेने तळवे लाल झालेले असत. घरी आली की ती पाय वर घेऊन बसे आणि मला चालू करी. ती गोष्ट क्वचित लावी, दुसरी बाजू मात्र पुन्हा पुन्हा. "या, बसा," वडील म्हणत आणि तीही डोळे मिटून पुटपुटे, "आले हो, बसले." मित्रांनो, मला दुरुस्तीवाल्यांनी शाबासकी दिली आहे, पाहुण्यांनी माझ्या आवाजाचे कौतुक केले आहे. पण त्या दमलेल्या बाईने माझ्यावर टाकलेला विश्वास हीच माझी खरी कमाई होती.

पुढे कामाचे तास वाढले, आई घरी आल्या आल्या झोपू लागली. मी कपाटावर गेलो. धूळ बसली. त्याचे मला दुःख नाही. कुणी वापरत नाही म्हणून रुसावे एवढा मी हलका नाही.

राघू कॉलेजात जाऊ लागली. बारावीला तिने समाजशास्त्र घेतले आणि परीक्षा जवळ आली तेव्हा मला खाली उतरवले. तिला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पाठ होते. उत्तरे स्वतःच्या आवाजात भरायची आणि मग भांडी घासताना, केस विंचरताना ऐकत राहायची, अशी तिची पद्धत. मला बरे वाटले. ऐकून शिकायची सवय तिला कुणी लावली, हे मला ठाऊक होते.

त्या दुपारी आई कामावर निघायच्या आधी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, हे ऐक. 'समाजीकरणात कुटुंबाची भूमिका उदाहरणासह स्पष्ट करा.' हमखास येणार म्हणतात. व्याख्या येते मला, पण उदाहरणच सुचत नाही."

"त्यात काय अवघड? तुला बोलायला आजोबांनी कसं शिकवलं, ते लिही."

"अगं, असलं घरगुती लिहिलं तर मॅडम हसतील. पुस्तकातलं लागतं."

"पुस्तकातलं पोर काय आकाशातून पडलं? तेही कुणाच्यातरी घरातलंच असेल ना?"

"आई, तू तुझ्या चादरी बघ बाई. मला अभ्यास करू दे."

आईने घडी जरा जास्तच जोरात दाबली. मग चपला घालता घालता म्हणाली, "जेवून घे. आणि दाराला कडी लाव."

कोऱ्या कॅसेटी राघूने केव्हाच भरून टाकल्या होत्या. एकीवर संस्कृती, एकीवर सामाजिक संस्था. ओळख आणि समाजीकरण हे धडे उरले होते. तिने खण उपसला आणि तिच्या हाताला आजोबांची कॅसेट लागली. तिने ती ओळखली. मी हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर घरात सगळे म्हणाले की पोरीच्या लक्षात आले नसेल. लक्षात आले होते. ती स्वतःशीच म्हणाली, "गोष्टीला हात लावायचा नाही. मागची बाजू घेते."

मागची बाजू तिने थोडी लावून पाहिली. खुडबुड. चमचा. खोकणे. "हे काय, नुसता कचरा," म्हणून तिने बटण बंद केले. अगं, जरा पुढे जा! आणखी जरासे ऐक, तूच बोलणार आहेस! पण आम्हा यंत्रांना दुसऱ्याचेच शब्द बोलता येतात. स्वतःचा एकही नाही.

तिने लाल बटण दाबले. मी दबू दिले नाही. तिने पुन्हा दाबले, मी पुन्हा अडलो. मग तिने कॅसेट बाहेर काढली, कोपऱ्यातली पोकळ जागा पाहिली आणि त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. नखाने घासून नीट बसवला.

कॅसेट आत आली. माझ्या पट्टीने चाचपले. जागा भरलेली लागली. मला वाटले, खिट्टी आहे.

बटण दबले, मित्रांनो. ज्या एका सूचनेसाठी मी जन्मभर सावध राहिलो, त्या सूचनेवरच कागदाएवढ्या पातळ चिकटपट्टीने मला गंडवले. आणि गंडवणारा कुणी चोर नव्हता. जिचा पहिला शब्द मी पोटात जपला, ती मुलगी होती.

"ओळख म्हणजे 'मी कोण' या प्रश्नाचे व्यक्तीने दिलेले उत्तर होय," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. मला ती बाजू पाठ होती. त्या वाक्याखाली 'लाघू' गेले. "समाजीकरणाची सुरुवात कुटुंबात होते. मूल अनुकरणातून भाषा आणि रीतिभाती शिकते," याखाली या-बसा गेले, पाणी गेले, आजोबांचे हसू गेले. पुसणारे डोके माझेच होते. तिने ते माझ्याकडून करवून घेतले.

पेपर झाला. राघू उड्या मारत घरी आली. समाजीकरणाचाच प्रश्न आला होता. "व्याख्या अशी लिहिली ना! उदाहरण तेवढं राहिलं, पण चालतं." आईला सुट्टी होती. मामाही आला होता. आईने पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

"चल, आज तुझ्या आजोबांना बसवू मध्ये. त्यांची राघू परीक्षा देऊन आली, त्यांना नको का कळायला?"

राघूचा चेहरा उतरला. "आई, गोष्ट लाव. पहिली बाजू."

"गोष्ट नंतर," म्हणत आईने सवयीने दुसरी बाजू लावली, पाय वर घेतले, डोळे मिटले.

"ओळख म्हणजे 'मी कोण' या प्रश्नाचे," मी बोललो. मला दुसरे काही बोलता येत नव्हते.

आईने डोळे उघडले. मामा पुढे झुकला. "ताई, चुकीची लागली बहुतेक." आईने हातानेच त्याला थांबवले. ती ऐकत राहिली. व्याख्या झाल्या, लक्षणे झाली, महत्त्वाचे मुद्दे झाले. कुणी मला बंद केले नाही. राघू दाराशी उभी होती, ओढणीचे टोक पिळत. शेवटी टेपमधली राघू म्हणाली, "उदाहरणार्थ..." आणि थांबली. तिथे तिला काही सुचले नव्हते. मग तिने भरणे थांबवल्याचा खट्ट आवाज आला.

बाजू मात्र थोडी पुसायची राहिली होती.

"...असं नाही गं, हळू," आजोबा म्हणाले. "आता तू म्हण."

"आता तू म्हन," बोबडा आवाज म्हणाला.

"मी नाही राघू, तू."

"मी नाही लाघू, तू."

आजोबा हसू लागले. ते हसत असतानाच फीत संपली आणि माझे बटण आपोआप वर आले.

मामा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आईने कॅसेट बाहेर काढली, कोपरा बोटाने चाचपला आणि ती चिकटपट्टी नखाने सोलून काढली. राघूकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "मला विचारायचं होतंस."

त्यानंतर आईने मला कधी लावले नाही. राघू लावते. शेवटचा तेवढाच तुकडा, मागे घेऊन, पुन्हा मागे घेऊन. परवा ती माझ्यावर डोके टेकून 'चुकलं' म्हणाली. देवाचे मन मोठे असते, त्याने तिला तेव्हाच पोटाशी घेतले असेल. मी यंत्र आहे. मला अजून वेळ लागेल.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठे मोडलेली खिट्टी दिसेल. ती जागा बुजवण्याआधी, ती कुणी मोडली, हे घरातल्या माणसांना विचारा. आणि आवाज नुसत्या खुडबुडीचा वाटला, तरी जरा पुढे जाऊन ऐका. तिथे तुम्ही असाल.