'टेक'चं उदाहरण

बाबांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात एकही उदाहरण मनचं नव्हतं. घरातल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेली गोष्टच वाक्यात घालायची आणि पाहणाऱ्याने शेजारी सही करायची, असा त्यांचा खाक्या. ते गेल्यावर नव्या आवृत्तीसाठी थोरला आणि धाकटी तोच पाळत होते. एरवी बहीणभावांत विस्तव जात नव्हता. बाहेरच्या खोलीत एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायचे, तपासायची पानं मधोमध सरकवायचे, तोंडातून अवाक्षर नाही.

त्या दिवशी 'टेक' हे क्रियापद आलं. औषध घेणे, वेळ लागणे, फोटो काढणे, मेल्याचे अर्थ काही संपेनात. धाकटी एकेक तपासत 'काढून घेणे'पाशी आली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरल्याने लिहिलं होतं, 'मुलीने आईच्या बांगड्या काढून घेतल्या.'

शेजारी आईची सही होती.

बांगड्या तर आईनेच आपल्या हाताने तिच्या हातात चढवल्या होत्या. मग आता आईलाही आपण चोर वाटतो? तिला रडू फुटलं, आणि या माणसासमोर रडू आलं म्हणून आणखीच संताप आला.

"खोटं लिहायला लाज नाही वाटत?"

"सही कुणाची आहे ते बघ," थोरला मान वर न करता म्हणाला. "आणि मला नको विचारूस."

ती पान घेऊन तडक आतल्या खोलीत गेली. थोरला मागोमाग. तिने ते वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आईचा हात आपसूक रिकाम्या मनगटाकडे गेला.

"मीच उतरवून दिल्या की तुला! असं कोण म्हणतं?"

"सही तुझी आहे, आई."

आई थोरल्याकडे वळली. "काल घाईघाईत कागद पुढे केलास, तो हाच? चष्मा दे म्हटलं तर म्हणालास, नेहमीचंच आहे."

"आई, तू यात पडू नकोस."

"चष्मा दे."

या वेळी त्याला द्यावाच लागला. आईने ते वाक्य खोडलं आणि खाली सावकाश नवं लिहिलं, 'मुलाने आईला वाचू न देता तिची सही घेतली.' शेजारी सही केली.

"हे छापायचं?" थोरला ओरडला.

"माझ्यासमोर घडलंय," आई म्हणाली. "ह्यांचा नियम आहे. छाप."