कप बसल्याचा आवाज

“डोळ्यांनी बघणारे पैशाला पासरी मिळतात. तू कानांनी बघ, पोरा. बद्द बोले तोवर ठोक, खणकन बोले, हात रोख!”

उस्तादांचा हा आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. उस्ताद जाऊनही तप लोटलं. पण मिस्त्रींना तो आवाज समोरच्या माणसापेक्षा स्वच्छ ऐकू येई. बाहेरचे आवाज एकेक करून उठून गेले होते. आधी पाखरं गेली, मग भिंतीवरचं घड्याळ, मग उकळत्या किटलीचं झाकण. जुने तेवढे आत बसून राहिले.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस्त्री समोरच्याचे ओठ वाचत, लोक हसले की हसत आणि प्रश्न कळला नाही की फडक्याला हात पुसत “बघू” म्हणत. गॅरेजमधल्या ग्राइंडरच्या गोंगाटात कुणाचं कुणाला ऐकू येतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. कानाने गाडीचं दुखणं ओळखणारा मिस्त्री, हीच तर त्यांची सारी मिळकत. ती गेली तर मागे काय उरणार? तेलकट बोटं.

त्यांची एकुलती एक लेक ट्रक चालवायची. लहानपणी वेल्डिंगच्या उजेडाकडे टक लावून बसायची, म्हणून तिचं नाव पडलं ठिणगी. चारही चाकांनी ओढणारा तिचा ट्रक डोंगरावरच्या वस्त्यांना पाइप आणि टाक्या पोचवी. रस्ता असा, की एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा. परवा ती ट्रक घेऊन आली, तेव्हा उजवं पुढचं चाक हाताने हलवलं तरी किडक्या दातासारखं डुलत होतं.

“म्हातारीचे गुडघे गेले, बाबा.”

“गुडघे बदलता येतात. स्वभाव नाही येत बदलता.”

“स्वभाव तिचा तुमच्यावर गेलाय!”

मिस्त्री हसले. किंचित उशिरा.

दोघांनी मिळून पुढचा अख्खा एक्सल उघडला. आतलं सील फाटून एक्सलचं तेल चाकाच्या मधल्या हबात उतरलं होतं. ग्रीसचा पार राखाडी चिखल झाला होता आणि बेअरिंगचे रोलर तापून निळे पडले होते. सगळं रॉकेलने धुतलं, पुसलं, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं. बेअरिंग ज्या पोलादी कडीत फिरतं तो कप. जुने कप काढून नवे ठोकायचे होते. पितळी दांडा धरून चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत जायचं. कप तळाला टेकला की बद्द आवाज एकाएकी खणखणीत होतो. नाही झाला, तर कप अर्धवट राहिला. शे-दोनशे किलोमीटर चाक गुमान चालतं. मग कप सरकतो, बेअरिंग सैल होतं आणि नको त्या वळणावर चाक आपलं खरं करतं.

काल डाव्या हबाचे कप ठिणगीने ठोकले होते. आवाज बदलला तशी ती गालात हसली, तिचं हसू बघून मिस्त्री म्हणाले, “बसला!” आज उजव्याचं काम मात्र मिस्त्रींनी हातात घेतलं होतं आणि ती पाठमोरी बसून तळहातावर ग्रीस घेऊन नव्या बेअरिंगमध्ये दाबत होती. पाठीला ओठ नसतात.

ग्रीस दाबता दाबता ती मान वळवून म्हणाली, “वरच्या वळणावर धुकं असलं ना, की मला आई आठवते. पण भीती नाही वाटत. म्हणते, माझी आई किती शांत गेली. दुपारी जरा पडली आणि गेली, ना हाक ना हूं. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं, बाबा. नाहीतर मी तिथे नव्हते हे मला जन्मभर खात राहिलं असतं.”

एवढं सगळं त्यांनी ओठांवर वाचलं. “बघू,” म्हणाले आणि हातोडा उचलला.

एक, दोन, तीन. हातोडा हातात उसळला. उसळला म्हणजे बसला असणार. त्यांनी दांडा खाली ठेवला.

ठिणगीने येऊन खांद्याला हात लावला. “वाजला नाही, बाबा.”

“वाजला. तुझं ध्यान नव्हतं.”

“बद्दच होता.”

“तू मला शिकवणार? तुझ्या बारशाआधीपासून कप ठोकतोय मी!”

ती वाद घालत बसली नाही. हातोडा घेतला, दांडा हबात धरला, त्यांच्याकडे पाठ करून हात हलवला आणि वळली. “आता?”

“आता खण्ण झाला. बघ, बसलाच होता!”

ठिणगीचा चेहरा उतरला. “मी हातोडा टेकवलाच नाही.”

मिस्त्री फडकं शोधू लागले. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं.

ठिणगीने कप उलटीकडून ठोकून बाहेर काढला. तळाशी जुन्या धातूचा नखाएवढा कपचा अडकला होता. तिने तो चिमटीत धरून उजेडात नेला. एवढ्याशा कपच्यापायी उद्या ती वरच्या वळणावर... मिस्त्री टायरवर बसले. तिने खाच पुसली, कप पुन्हा ठोकला. एका ठोक्याला तिचे खांदे सैल झाले. बसला होता. त्यांना फक्त खांदे दिसले.

मग ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, ओठ नीट दिसतील अशी.

“कधीपासून?”

“वय झालं, ठिणगे.”

“या वर्षीच ना?” ती त्यांची बोटं एकेक करून पुसत होती. “आई गेल्यानंतरच ना, बाबा?”

हो म्हणायला काय लागतं? मान हलवली की झालं. बायको गेल्यापासून दोन वर्षं तेच तर केलं होतं. समोर लेकीचे डोळे त्या ‘हो’ची वाट बघत होते, दारात उभ्या असलेल्या पोरीसारखे. आज हबापाशी ‘वाजला’ म्हणाले, तेही तसलंच ‘हो’ होतं.

“आधीपासून,” ते म्हणाले. आवाज किती मोठा निघाला ते त्यांना कळलं नाही. “तुझी आई शांत नाही गेली, पोरी. मी भिंतीपलीकडे कार्बोरेटर धूत बसलो होतो. आत गेलो तेव्हा तिच्या हातात पेला होता, पार चेपलेला. आणि खाटेशेजारी भिंतीचा चुना हातभर उडाला होता. पेला भिंतीवर आपटून आपटून ती मला बोलावत होती. किती वेळ, ते देव जाणे. मला ऐकूच आलं नाही गं.”