जंत आढळले नाहीत

तपासणी खात्याच्या साहेबांनी बावीस वर्षांत परदेशी माशात एकही जंत पाहिला नव्हता. खरंच नव्हता हो! बघायचंच नाही म्हटल्यावर दिसणार कुठून? मासा काचेच्या टेबलावर ठेवायचा, खालून दिवा लावायचा, म्हणजे मांसातला जंत दोऱ्यासारखा दिसतो, अशी रीत. टेबल होतं, काच होती, दिवा मात्र केव्हाच गेला होता. साहेब त्या टेबलावर डबा खायचे आणि फॉर्मवर लिहायचे, "उजेडावर पाहिलं, जंत आढळले नाहीत." खिडकीतून उजेड येत होताच की!

नमुन्याची पेटीही व्यापाऱ्याचा माणूसच दाराजवळ काढून ठेवायचा. "तुम्हाला आत थंडीत कशाला त्रास?" म्हणायचा. साहेबांना ते लगेच पटायचं.

मग खात्यात नव्या तपासनीस बाई आल्या. आज सकाळी त्यांनी घरून आणलेला दिवा बसवला, स्वेटर चढवून शीतगृहात शिरल्या आणि पार मागच्या रांगेतली पेटी ओढून आणली.

"साहेब, जरा बघता का?"

गुलाबी तुकड्यात जंत वेटोळं घालून आरामात बसले होते. एक नाही, चांगले सात.

"बावीस वर्षं इथे जंत नव्हते," साहेब खेकसले. "तुम्ही आलात आणि जंत आले!"

"शिजवला किंवा नीट गोठवला तर मरतात, साहेब. पण हा माल नुसता बर्फावर आलाय, आणि हॉटेलवाले कच्चाच वाढतात. जिवंत जंत पोटात गेला तर आत चावा घेतो."

"उगाच राईचा पर्वत करू नका. लिहा, आढळले नाहीत. आणि..."

साहेब मध्येच थांबले. याच मालातली एक पेटी व्यापाऱ्याने काल प्रेमाने त्यांच्या घरी पोचवली होती. माल उतरायच्या आधीच साहेबांनी पेट्यांच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून दिले होते ना! घरी लेक आलेली, सहा महिन्यांची गरोदर, आणि तिला डोहाळे लागलेले नेमके कच्च्या माशाचे.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलावरचा फोन त्यांनी घाईघाईने फिरवला.

"अगं, पोरीने मासा खाल्ला का?"

"आत्ताच कापतेय," बायको म्हणाली.

"हात लावू देऊ नको तिला! फेकून दे तो!"

"अहो, पण का? तुमचाच तर शिक्का आहे."

"अगं, तिच्या तब्येतीला नको," ते कसेबसे म्हणाले. लेकीने अजून घास घेतला नव्हता, एवढ्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

"एवढा महागाचा मासा फेकवत नाही बाई. शेजारच्यांना देऊन टाकते."

"दे की शेजारच्यांना," साहेब चटकन म्हणाले. "शिक्का आहेच."

फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. बाई समोरच फॉर्म घेऊन उभ्या होत्या.

"मग लिहू काय, साहेब? घरच्यांना नको, शेजाऱ्यांना चालेल?"

बाईंनी पेन खाली ठेवलं, फोन उचलला आणि तोच नंबर पुन्हा लावला.

"वहिनी, मी साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय. तो मासा शेजाऱ्यांनाही देऊ नका, त्यात जंत आहेत. हो, हो, शिक्का साहेबांचाच आहे."