जेवणी नळी, डावी नळी

काडतुसाची पितळी टोपी तळहातावर गार लागली, आणि वरचं लाल कागदी नळकांडं मात्र उन्हात ठेवल्यानं कोमट. एकाच वस्तूचे हे दोन स्पर्श वच्छला बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. तोंडावरच्या पुठ्ठ्यावर एलजी छापलेलं. म्हणजे आत हरभऱ्याएवढे मोजकेच छर्रे. बारीक छर्ऱ्यांनी रानडुक्कर पडत नाही, नुसतं जखमी होतं, तुरीत जाऊन बसतं आणि दुसऱ्या दिवशी निंदायला आलेल्या बाईवर उठतं... भागाबाईची फाटलेली मांडी आठवली आणि तिनं काडतूस मुठीत घट्ट धरलं.

नाल्याच्या उंच दरडीपुढे, दोन बाभळींना तिचंच जुनं हिरवं लुगडं ताणून बांधलेलं होतं. ज्याचा बार त्यावर एकवटेल त्याचं नाव परवान्यावर जाणार, असं अभिमननं, तिच्या नवऱ्यानं, सकाळी सांगून टाकलं होतं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. शेतीरक्षणाच्या बंदुकीवर मालकाशिवाय आणखी एका माणसाचं नाव घालता येत असे. धाकट्या दिराला, झुलालला, ते नाव आपलंच वाटत होतं. त्याचं नाव लागलं की बंदूक त्याच्या मळ्यात जाणार, आणि इकडे चोपड्याच्या रस्त्याला लागून असलेली तिची केळी, डुकरांनी कंद उकरून आडवी पाडलेली... पण खरं सांगायचं तर केळी हे निमित्त होतं. तिला ती बंदूक हवी होती. शहाऐंशी साली, तीन लेकरांच्या आईला, एखाद्या पोरीला पाटल्या हव्याशा वाटाव्यात तशी.

त्यांच्याकडे उजव्या हाताला जेवणा हात म्हणतात. अभिमन बंदुकीच्या दोन नळ्यांनाही तसंच म्हणे. जेवणी नळी सरळ, जवळून पसरट मारते. डावीला चोक, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेली, छर्रे एकवटून लांब नेणारी. पुढचा चाप जेवणीचा, मागचा डावीचा. सबंध गोळी डावीत घालायची नाही, नळी फाटायची. मोठे छर्रे मात्र तिला कधी मानवतात, कधी ती ते पार उधळून लावते. मारून बघितल्याशिवाय कळत नाही. हे सगळं वच्छला भाकरी थापताना मनात घोळवायची — पुढचा जेवणीचा, मागचा डावीचा — आणि थापता थापता तिचा डावा हात पुढे सरकायचा, तसाच, लहानपणापासूनचा, आईनं फडक्यानं कमरेला बांधून ठेवलेला तो हात... जेवायच्या वेळी बांधायची आई. हा हात जेवणा नाही, म्हणायची.

झुलालनं आधी मारलं. जेवणी नळी, ऐटीत, बिडी तोंडात तशीच ठेवून. लुगड्यावर छर्रे पदरापासून काठापर्यंत विखुरले. मधून डुक्कर पिलांसकट गेलं असतं. अभिमनला धड दिसत नव्हतं, पण भावानं बिडी थुंकली त्यावरून तो समजला.

वच्छलानं डाव्या नळीत काडतूस सरकवलं. ते आत बसल्याचा हलका आवाज तिला दातांत जाणवला.

"वहिनी, हाई बंदूक शे," झुलाल म्हणाला. "लाटनं नही."

"लाटनं बी तुना भाऊले माहीत शे," ती म्हणाली, आणि अभिमन खो खो हसला.

गेले कित्येक दिवस तो तिच्याकडून रिकामी बंदूक उजव्या खांद्याला लावून घेत होता, डावा डोळा मिटायला सांगत होता, आणि नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो मणी, पाण्यातल्यासारखी हलत राहायची. पण एकदा, तेलाचं फडकं फिरवताना घरात कुणी नव्हतं तेव्हा, तिनं सहज डाव्या खांद्याला लावून पाहिली होती. माशी जागच्या जागी बसली. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं, चोरून गूळ खाल्ल्यासारखं वाटलं होतं...

तिनं पदर खोचला. दस्ता डाव्या खांद्यात रुतवला. झुलाल काहीतरी बोलायला गेला. अभिमननं हात वर केला — आवाजावरूनच त्याला कळलं असेल का, की ती नेहमीसारखी उभी नाही? हिरव्या लुगड्यावरची जुनी फुलं स्पष्ट दिसत होती. हळदीचा एक डागही. डाव्या हाताचं बोट मागच्या चापावर गेलं. कुणी शिकवल्याशिवाय गेलं.

मग धक्का, आणि कान भरून आलेलं, आणि दरडीवरून ओघळणारी माती.

"लागनं का?" अभिमन विचारत होता. "झुलाल, सांग ना, लागनं का?"

झुलाल लुगड्याकडे चालत निघाला होता. वच्छला जागची हलली नाही. लुगड्याकडे तिनं बघितलंही नाही. बघायचं होतंच, बघणारच होती; पण खांद्यात ऊब पसरत होती, दंडातून उतरत होती, मनगटात, बोटांत... तिनं हात नाकाशी नेला. दारूचा जळका वास, आणि त्याखाली सकाळच्या ज्वारीच्या पिठाचा.

  आईनं बांधून ठेवलेल्या त्या हाताला कडकडून भूक लागली होती.