जुनी गोळी मिळेल

काचेवर, सोमवारी, निळ्या स्केचपेनने:

फिटची जुनी गोळी आणि नवी प्लस गोळी. औषध एकच. प्लसमध्ये वर एक जीवनसत्त्व. किंमत अडीचपट. घेण्याआधी विचारा.

कागद बारा वाजेपर्यंत टिकला. मग मालक उन्मेष दामलेंनी नखाने चिकटपट्टी सोलली. "अगं अक्षदा, दुकान आहे की सभा?"

परळच्या त्या मेडिकलमध्ये अक्षदा परब सहा वर्षं फार्मासिस्ट. एवढ्या काळात काचेवर तिने काही लावलं नव्हतं. लावलं ते कुशाबांमुळे.

कुशाबा लालबागचे, जुने गिरणी कामगार. वीस वर्षं एकच गोळी. तिची किंमत सरकारने बांधून दिलेली. कंपनीने तिच्यात जीवनसत्त्व घातलं, नाव बदललं, आणि गोळी सरकारी यादीतून अलगद बाहेर काढली. जुनी यायची बंद झाली. तीन महिन्यांपूर्वी अक्षदानेच त्यांच्या हातावर प्लस ठेवली होती. "तीच आहे काका, घ्या." खोटं काहीच नव्हतं त्यात. तेच तिला आता बोचत होतं.

शनिवारी कुशाबा हिंदमाताच्या फुटपाथवर फिट येऊन पडले. कपाळाला चार टाके. रविवारी त्यांच्या पत्नी लक्ष्मीकाकी दुकानात आल्या.

"अर्धी अर्धी करून खायत होते. माका सांगूक नाय. तूच सांगलंस मा, ती नि ही एकच म्हणान?"

"हो, काकी."

"मगे पैसे कित्याक जास्त?"

अक्षदाला उत्तर ठाऊक होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने दिलं नव्हतं.

काचेवर, मंगळवारी, लाल अक्षरांत, आतल्या बाजूने, उन्मेषचा हात पोचणार नाही इतक्या वर:

तोच मजकूर.

संध्याकाळी राजस केरकर आला. दुकानाला माल पुरवणारा होलसेलर, आणि वॉर्डातला उमेदवार. सिग्नलच्या बॅनरवर हात जोडून उभा होता तोच. खाली लिहिलेलं, आरोग्यदूत.

"ताई, कायद्यात बसतंय सगळं."

"माहितेय. म्हणून तर कागद लावावा लागला."

"रविवारी आमचं शिबिर आहे. त्या आजोबांना पाठवा. महिन्याच्या गोळ्या फुकट."

"जुन्या की प्लस?"

राजसने उन्मेषकडे पाहिलं. उन्मेषने खोकल्याच्या बाटल्यांकडे.

"महिनाभर फुकट आणि मग जन्मभर विकत," अक्षदा म्हणाली. "शिबिर चांगलंय तुमचं."

तो गेल्यावर उन्मेष म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. मग भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट उतरवते. दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत शटर खाली ठेवा."

"लगेच तापतेस काय गं. बस. पाणी पी."

"तापले नाहीये. स्टूल कुठेय?"

उन्मेषने स्टूल दिलं नाही. त्यावर स्वतःच बसला.

बुधवारी काचेवर नवं काही नाही. अक्षदाची सुट्टी होती. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात तिला तीन दुकानांत एकच शब्द मिळाला, शॉर्टेज. चौथ्यात दुसऱ्या एका कंपनीची साधी गोळी निघाली, बांधलेल्या किमतीत. पण फिटच्या औषधाची कंपनी परस्पर बदलायची नसते. म्हणून कुशाबांना घेऊन हॉस्पिटलच्या ओपीडीत चार तासांची रांग. डॉक्टरांनी केसपेपरवर नवं नाव लिहिलं आणि बजावलं, "पूर्ण घ्यायची. अर्धी नाही."

"आता पूर्णच परवडता," कुशाबा म्हणाले.

काचेवर, गुरुवारी:

जुनी गोळी मिळेल. कंपनी दुसरी, डॉक्टरांना विचारून घ्या.

दुपारपर्यंत सात माणसं विचारून गेली. एक डोंबिवलीहून आलेली. उन्मेषने कागदाला हात लावला नाही. उलट प्रिन्सेस स्ट्रीटवाल्याचा नंबर मागून घेतला.

पण एका दुकानाच्या एका फळीने काय होणार? शुक्रवारी अक्षदाने औषधांच्या किमती ठरवणाऱ्या खात्याला अर्ज लिहिला. जुनी गोळी कुठल्या महिन्यापासून बंद, होलसेलरने काय सांगितलं, दोन्ही पाकिटांचे फोटो. उन्मेषने तो उभ्याउभ्याच वाचला.

"राजसचं नाव घातलंस?"

"माल त्याच्याकडूनच येतो ना?"

"आणि तुझा रजिस्ट्रेशन नंबर कशाला? शोधून काढतील तुला."

"शोधायला नको, सर," पाकीट बंद करत अक्षदा म्हणाली. "खाली घरचा पत्ता पण दिलाय."