आकाशाचे आठ भाग

जाफराबादच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर सुरू होतात. तिथल्या एका माथ्यावर चतुराबाई एकटी राहायची. एक खोली, कुंपणात पाऊस मोजायचं यंत्र आणि भिंतीवर ढगांच्या चित्रांचा तक्ता, एवढाच तिचा संसार. नवरा कडूबा तिथं हवामानाच्या नोंदी ठेवायचा. तो तापानं गेला आणि चौथी शिकलेल्या चतुराबाईनं त्याची वही पुढं चालू ठेवली. मूलबाळ नव्हतं. खाली बौद्धवाड्यात दीर होता, बोलवायचाही, पण तिला डोंगर सोडवेना.

सकाळ-दुपार आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं आणि आठवड्याला पुण्याच्या हवामान कचेरीला कार्ड धाडायचं. ढग कसा होतो हे कडूबानंच तिला शिकवलं होतं. तापलेली हवा डोंगराच्या अंगानं वर चढते, वर गार होते, तिच्यातली वाफ बारीक थेंब होऊन दिसायला लागते. पिंजल्या कापसासारखा उंचावरचा ढग कोरडाच निघून जातो. पण बूड सपाट राहून डोकं फुलकोबीसारखं वाढत गेलं, तर नजर हलवायची नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता, दुष्काळाचा. आधी आधी लोक डोंगर चढून यायचे. "चतुराबाई, हाय का काही?" ती आभाळ बघून खरं ते सांगायची, "न्हाई." महिनोन्महिने न्हाई. मग कुणीतरी म्हणालं, हिच्या तोंडातच पाऊस न्हाई, आणि माणसांचं येणं बंद झालं. तीन-तीन दिवस तिला स्वतःचा आवाजही ऐकू यायचा नाही. मग ती नोंद मोठ्यानं वाचायची, "आठात शून्य," आणि पुन्हा गप्प व्हायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी उत्तरेच्या कड्यामागं एक ढग उठला. तासाभरात त्याचं डोकं वर वर चढलं आणि लोहाराच्या ऐरणीसारखं सपाट पसरलं. बुडाखाली काळा पडदा लोंबत होता. तिकडं पाऊस कोसळत होता, आणि तिकडचं सगळं पाणी एकाच नदीतून खाली येणार होतं. त्या कोरड्या नदीत दुष्काळी कामाचा बंधारा चालू होता. शंभरेक माणसं वाळूत होती, आणि डोंगर आड असल्यानं त्यांना ढग दिसत नव्हता.

चतुराबाई पायवाटेनं धावत सुटली. दोनदा पडली, गुडघा फुटला. खाली पोचून तिनं मुकादमाला, भुजंगला, गाठलं.

"मुकादम, जल्दी वर काढा सगळ्यांना. पूर येऊन राह्यला."

भुजंगनं वर पाहिलं. लख्ख ऊन होतं. "बाई, वर्षभर न्हाई म्हणत आल्या अन् आज पूर? हजेरी व्हायचीय अजून. कामाची खोटी करू नका."

"इथं पडणार न्हाई. तिकडं वर पडून राह्यलाय. पाणी इथून जाणार."

बाया हसल्या. पाट्या पुन्हा डोक्यावर चढल्या. चतुराबाईनं सगळीकडं पाहिलं. पात्रातल्या बाभळीला झोळी बांधलेली होती, तीत कामावरच्या मालनबाईचं सहा महिन्यांचं लेकरू झोपलेलं. चतुराबाईनं ते उचललं, छातीशी धरलं आणि दरडीकडं पळत सुटली.

"माझं लेकरू!" मालनबाई किंचाळली. "धरा वं तिला! माझं लेकरू नेलं!"

पाट्या टाकून कामावरची सगळी माणसं तिच्यामागं धावली. दगड आले, एक पाठीत बसला. ती थांबली नाही. दरड चढून पार वर गेल्यावरच तिनं लेकरू मालनबाईच्या हाती दिलं. मालनबाईनं ते घेतलं आणि चतुराबाईच्या थोबाडीत मारली. भुजंगनं तिचा दंड धरला.

तेवढ्यात आवाज आला. आधी वाटलं, ट्रक येतोय. मग मातकट पाण्याची भिंत वळणावरून आली आणि बघता बघता पाट्या, फावडी, भाकरीची गाठोडी, बाभळ घेऊन गेली. माणसं सगळी वर होती. भुजंगनं दंड सोडला. चतुराबाई डोंगर चढून घरी आली आणि वहीत लिहिलं: ढग आठात दोन. पाऊस निरंक. बाकीचं लिहायला वहीत रकाना नव्हता.

त्यानंतर ती खाली उतरली की लोक वाट सोडून बाजूला उभे राहायचे. हात जोडायचे. बोलायचं कुणी नाही. आधी ती नकोशी होती, आता तिचा धाक बसला होता. एका म्हातारीनं पायाशी नारळ ठेवला, तेव्हा चतुराबाईला रडू आलं.

आठवड्यानं मालनबाई लेकरू कडेवर घेऊन डोंगर चढून आली. उंबऱ्याशीच थांबली.

"लई लागलं असंल त्या दिवशी."

"लागलं तर." चतुराबाईनं तिला पाणी दिलं. "तुझ्या जागी असते तर मीबी मारलं असतं."

मालनबाई टेकली. कड्यावर एक पांढरा ढग होता, तिकडं बघून म्हणाली, "तो कसला वं?"

चतुराबाई सांगायला लागली. बोलायची सवय मोडली होती, शब्द अडकत होते, तरी ती सांगत राहिली: हवा कशी चढते, कुठं गार होते, बूड सपाट का. मालनबाईला किती कळलं कोण जाणे, पण तिनं मधेच दोन प्रश्न विचारले, आणि त्यातला एक अगदी नेमका होता. मग लेकरू भुकेलं आणि ती उठली.

"येते."

पुन्हा कधी, ते ती बोलली नाही आणि चतुराबाईनं विचारलं नाही. पायवाटेवरचं तिचं हिरवं लुगडं वळणाआड जाईपर्यंत चतुराबाई कुंपणाला धरून उभी राहिली. नोंदीची वेळ टळून गेली होती.