आजींच्या मानेवर येणारा वारा

“वारा येतोय. अगदी मानेवर येतोय. पण या घरात माझं ऐकतंय कोण!” आजी परवापर्यंत पुटपुटायच्या. त्यांचा पलंग मला खेटूनच आहे, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं सगळ्यांत आधी मला ऐकू यायचं.

मित्रांनो, मी त्यांच्या खोलीची दुहेरी काचेची खिडकी, बारा वर्षं जुनी. आणि तो वारा यायचा माझ्यातूनच.

कारखान्यात माझ्या दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडली, कडेने काळं रबर बसवलं, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! मला इथे बसवलं त्या दिवशी आजी म्हणाल्या, “बाहेर दोघं भांडतायत, पण ऐकू काही येत नाही. सगळी मजाच गेली की!” तरी पाहुण्यांना त्या मुद्दाम माझ्यापाशी आणून बसवत.

माझी एकच खोड होती. त्या रबरामुळे मला दाबून लावावं लागे. आजींची मनगटं दुखू लागली, तशी रोज संध्याकाळी मुलाला हाक जाऊ लागली, “अरे, खिडकी लावून दे रे!” तो यायचा. पुढेपुढे चार हाकांनंतर यायचा. एकदा आजी दवाखान्यात गेलेल्या असताना त्याने माझं रबर ओढून काढलं आणि केराच्या डब्यात टाकलं. सूनबाईंनी ते पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. आता मी एका बोटाने मिटू लागले. आजी खूश! “बघा, अजून जोर आहे हातात!”

मग थंडी आली.

“वयामुळे वाटतं तसं, आई,” मुलगा म्हणायचा. सूनबाई शाल आणून द्यायच्या. दोघंही माझ्याकडे बघणं टाळायचे. हळूहळू आजी घाबरल्या. “खरंच वारा नाही? मग माझं डोकंच फिरलं म्हणायचं,” असं स्वतःशीच बोलू लागल्या. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला काचा दोन आहेत, पण जीभ एकही नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू गप्प असतो म्हणून आमच्या आड लपू नका. घरातलं कुणी “मला त्रास होतोय” म्हणालं, तर आधी उठून बघा.

काल आजींनीच फोन करून खिडकीवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या फटीत कागद ठेवून मला लावलं. कागद ओढताच अलगद निसटला.

“वारा येणारच, आजी. हिला रबरच नाही.”

“म्हणजे मी वेडी नाही?”

“तुम्ही कशाला वेड्या! पण रबर गेलं कुठे?”

“झिजलं असेल,” सूनबाई म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या.

“झिजलं तर तुकडे तरी राहतात, ताई.”

नवं रबर बसवून तो गेला. आजींनी मला ढकललं. मग दोन्ही हातांनी ढकललं. मी तसूभरही हलले नाही. त्या स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. “कालपर्यंत तर लागत होती रे. हातही गेले की काय माझे?”

दारात उभा असलेला मुलगा पुढे आला. त्याने मला दाबून लावलं, मूठ फिरवली. हात मात्र मुठीवरच राहिला.

“आई, रबर मी काढलं होतं. तुझ्या हाकांचा कंटाळा आला होता मला.”